लवचीक पदवी आणि ताठर उंबरठा

१/ 'लवचीक, बहुविद्याशाखीय विज्ञान पदवी' हे शब्द आज अनेक विद्यापीठांच्या माहितीपत्रकांत ठळकपणे छापलेले असतात. पदार्थविज्ञानासोबत तत्त्वज्ञान शिका, जीवशास्त्रासोबत अर्थशास्त्र शिका, वाटल्यास मध्येच वाट बदला, असे ते वचन आहे. पान उलटले की 'पात्रता' या मथळ्याखाली बहुधा एक छोटी ओळ असते: बारावी विज्ञान शाखेतून उत्तीर्ण. हा धागा त्या एका ओळीविषयी आणि तिच्या पूर्वजांविषयी आहे.

२/ माझे म्हणणे आरंभीच मांडतो. प्रवेशाची अट पहिल्या वर्षाच्या वर्गात प्रत्यक्ष काय लागते यावरून ठरली पाहिजे. इतिहासात ती तशी क्वचितच ठरली. विज्ञानाच्या दारावर गेल्या पावणेदोनशे वर्षांत लावल्या गेलेल्या कित्येक अटींचा विज्ञानाशी काडीचाही संबंध नव्हता. त्या काढून टाकल्या तेव्हा विज्ञानाचे काहीही बिघडले नाही. आजची 'शाखे'ची अट त्याच कुळातील आहे.

३/ केंब्रिजपासून सुरुवात करू. तेथील नॅचरल सायन्सेस ट्रायपॉस हा लवचीक विज्ञान पदवीचा एक जुना आणि आजही चालू असलेला नमुना. विद्यार्थी आरंभी अनेक विज्ञाने एकत्र शिकतो आणि पुढे हळूहळू आपले क्षेत्र निवडतो. या परीक्षेला १८४८ मध्ये मंजुरी मिळाली आणि १८५१ मध्ये ती प्रथम घेतली गेली. मात्र पहिल्या दशकात केवळ तिच्या बळावर पदवी मिळत नसे. आधी दुसऱ्या मार्गाने, विशेषतः गणिताच्या परीक्षेतून, पदवीची पात्रता सिद्ध करावी लागे. विज्ञानाला घरात जागा मिळाली होती, पण ओसरीवर.

४/ त्याहून मोठा अडसर ग्रीक भाषेचा होता. केंब्रिजच्या प्रत्येक विद्यार्थ्याला आरंभीच्या टप्प्यावर एक प्राथमिक परीक्षा द्यावी लागे. विद्यार्थी तिला 'लिटल-गो' म्हणत. तिच्यात ग्रीक सक्तीचे होते. रसायनशास्त्र शिकायचे असो वा भूगर्भशास्त्र, ग्रीकपासून सुटका नव्हती. ही सक्ती उठवण्याचे प्रस्ताव १८९१ आणि १९०५ मध्ये विद्यापीठाच्या मतदानात फेटाळले गेले. सक्ती उठली ती पहिले महायुद्ध संपल्यावर, १९१९ मध्ये. ऑक्सफर्डने १९२० मध्ये तोच निर्णय घेतला.

५/ सक्तीच्या समर्थकांचे युक्तिवाद आज वाचताना फार ओळखीचे वाटतात. ग्रीकने बुद्धीला शिस्त लागते. ती काढली तर दर्जा घसरेल. एक अट सैल केली की उद्या सगळ्याच सैल होतील. हे वाद चालू असतानाच, १८९७ मध्ये, जे. जे. थॉमसन यांनी केंब्रिजच्याच कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत इलेक्ट्रॉनचा शोध लावला. त्या प्रयोगात ग्रीक क्रियापदांची रूपे कोठेही कामी आली नाहीत.

६/ मग ग्रीक नेमके काय मोजत होते? ते विद्यार्थ्याची शाळा मोजत होते. ग्रीक चांगले शिकवले जाई ते मुख्यतः महागड्या निवासी शाळांत. सामान्य शाळेतून आलेल्या मुलाची विज्ञानाची जाण कितीही पक्की असो, त्याला ग्रीक घोकण्यात वेळ आणि पैसा घालवावा लागे. अट ज्ञानाची दिसत होती, काम मात्र वर्गाची चाळणी म्हणून करत होती. ग्रीक गेल्यावरही लॅटिनसारख्या अभिजात भाषेची अट १९६० च्या सुमारापर्यंत टिकली. म्हणजे १९५३ मध्ये त्याच गावात डीएनएची रचना उलगडली, तेव्हाही पदवीच्या उंबरठ्यावर रोमन व्याकरण पहारा देत होते.

७/ अमेरिकेत याच अडचणीतून वेगळा मार्ग निघाला. हार्वर्डने १८४७ मध्ये लॉरेन्स सायंटिफिक स्कूल स्थापन केले आणि १८५१ मध्ये विज्ञानाची स्वतंत्र पदवी देण्यास आरंभ केला. अभिजात भाषांच्या भक्कम तयारीविना येथे येता येई. म्हणूनच जुन्या कॉलेजातील मंडळी या पदवीकडे दीर्घकाळ नाक मुरडून पाहत. ज्या विज्ञान पदवीच्या दारात आज शाखेचे प्रमाणपत्र मागितले जाते, ती पदवी एके काळी जुन्या दाराबाहेर थांबवलेल्यांच्या सोयीची मानली जाई. दैवाने घेतलेला हा वळसा इतिहासाच्या विद्यार्थ्याने विसरू नये.

८/ आता आपल्याकडे येऊ. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर स्थापन झाले. प्रवेशाचे दार म्हणजे मॅट्रिक. तिची पहिली परीक्षा १८५९ मध्ये झाली आणि १८६२ मध्ये रानडे, भांडारकर, वागळे आणि मोडक हे पहिले चार पदवीधर बाहेर पडले. चौघांच्या विद्वत्तेबद्दल शंका नाही. परंतु हे दार कोणाच्या घराजवळ होते आणि कोणापासून कोसो दूर होते, हा प्रश्न वीस वर्षांनी एका माणसाने सरकारसमोर उघडपणे मांडला.

९/ तो माणूस म्हणजे जोतीराव फुले. १८८२ मध्ये हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनातील प्राथमिक शिक्षणाची मागणी सर्वांना ठाऊक असते. त्याच निवेदनातील एक मुद्दा मात्र फारसा चर्चिला जात नाही. खासगी अभ्यास करून मॅट्रिकला बसण्याची मुभा विद्यापीठाने दिली होती. फुल्यांनी तिचे स्वागत केले आणि बी.ए., एम.ए. यांसारख्या वरच्या परीक्षांनाही ती लागू करावी, असे सुचवले. घरी शिकून ज्ञान मिळवलेल्या तरुणाला कॉलेजात हजेरी लावली नाही एवढ्याच कारणाने का अडवावे, हा त्यामागचा विचार.

१०/ हा मुद्दा आजच्या प्रश्नाच्या मुळाशी जातो. फुले परीक्षा रद्द करा म्हणत नव्हते. ज्ञान तपासा, ते कोणत्या वाटेने मिळवले ते तपासू नका, असा त्यांच्या सूचनेचा आशय होता. 'विज्ञान शाखेतून उत्तीर्ण' ही अट नेमकी उलट आहे. ती वाट तपासते.

११/ शाळेतील विषयनिवड ही विद्यार्थ्याची मुक्त निवड असते, असे गृहीत धरूनच शाखेची अट उभी असते. ते गृहीतक किती पोकळ आहे हे पाहायचे तर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे विद्यार्थिदशेतील उदाहरण पुरेसे आहे. त्यांना शाळेत संस्कृत शिकायचे होते. अस्पृश्य म्हणून ते नाकारले गेले आणि त्यांना फारसी घ्यावी लागली. पुढे त्यांनी स्वतःच्या प्रयत्नाने संस्कृतचा अभ्यास केला. मॅट्रिकच्या कागदावर 'फारसी' हा शब्द पाहून कोणी 'या मुलाला संस्कृतची आवड नव्हती' असा निष्कर्ष काढला असता, तर तो किती अन्यायाचा ठरला असता! कागदावर केवळ विषय दिसतो. तो विषय का घेतला वा का घेता आला नाही, हे दिसत नाही.

१२/ काही अटी तर कागदावरही नसतात. मुंबई विद्यापीठाने १८८३ मध्ये स्त्रियांना पदवीची दारे खुली केली. पुढे पन्नास वर्षांनी, १९३३ मध्ये, कमला भागवत या विद्यार्थिनीने रसायनशास्त्र व पदार्थविज्ञान घेऊन याच विद्यापीठाची बी.एस्सी. पहिल्या क्रमांकाने मिळवली आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेकडे अर्ज केला. गुण होते, विषय होते, पदवी होती. संचालक सर सी. व्ही. रामन यांनी ती स्त्री आहे म्हणून नकार दिला.

१३/ कमलाबाई मागे हटल्या नाहीत. अखेर प्रवेश मिळाला तो अटींवर: पहिले वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून गणना होणार नाही, मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्रीही काम करावे लागेल, आणि इतरांचे लक्ष विचलित होता कामा नये. वर्षभरात त्यांच्या कामाने रामन यांचे समाधान झाले. पुढे कमलाबाई केंब्रिजला गेल्या, तेथे वनस्पतींतील सायटोक्रोम सी या घटकावर संशोधन करून १९३९ मध्ये डॉक्टरेट मिळवली, आणि कमला सोहोनी या नावाने जीवरसायनशास्त्रात मोठे काम केले. नोबेल विजेत्या शास्त्रज्ञालाही दारावरील पूर्वग्रह आणि दाराआतील गरज यांत फरक करता आला नाही. म्हणून 'संस्था ठरवते ती अट योग्यच असणार' या युक्तिवादाला इतिहासाचा आधार नाही.

१४/ आता वर्तमानाकडे. महाराष्ट्रात दहावीचा निकाल लागला की कला, वाणिज्य आणि विज्ञान अशा तीन रांगा लागतात. वय पंधरा-सोळा. निवड कशावरून होते? गुणांवरून, घरच्यांच्या मतावरून, शिकवणीच्या शुल्कावरून, आणि तालुक्याच्या गावातील कनिष्ठ महाविद्यालयात प्रयोगशाळा आहे की नाही यावरून. ज्या गावात केवळ कला शाखा आहे, तेथील मुलीने 'कला निवडली' असे म्हणणे हा भाषेचा गैरवापर आहे.

१५/ याच निवडीवर पुढचे दार अवलंबून असते. आयसर संस्थांचे उदाहरण घेऊ. पुणे आणि कोलकाता येथील पहिल्या दोन आयसर २००६ मध्ये सुरू झाल्या. त्यांचा पाच वर्षांचा बीएस-एमएस हा भारतातील उत्तम बहुविद्याशाखीय विज्ञान अभ्यासक्रमांपैकी एक आहे, हे मनःपूर्वक मान्य. त्याची पात्रता अशी: बारावी विज्ञान शाखेतून, आणि जीवशास्त्र, रसायनशास्त्र, गणित, पदार्थविज्ञान या चारांपैकी किमान तीन विषय घेऊन.

१६/ 'चारांपैकी तीन' हे शब्द पुन्हा वाचा. याचा अर्थ, अकरावी-बारावीत गणिताला हातही न लावलेला विद्यार्थी या संस्थांत येऊ शकतो. तसेच जीवशास्त्र न शिकलेलाही येऊ शकतो. आत आल्यावर दोघांनाही आरंभी चारही विषय शिकवले जातात. म्हणजे एखादा विषय दोन वर्षे सुटला तरी तो पदवीच्या पातळीवर भरून काढता येतो, हे या संस्थांनी स्वतःच्या वर्गात मान्य केले आहे. पूल बांधण्याची विद्या त्यांना अवगत आहे. तो पूल विज्ञान शाखेच्या कुंपणाआत बांधला जातो, एवढेच.

१७/ दुसरा तपशील आपल्या घरचा. बालभारतीच्या अकरावी-बारावीच्या गणित व संख्याशास्त्राच्या पुस्तकांवर कंसात काय छापलेले असते? 'कला आणि विज्ञान'. पुस्तक एकच. कला शाखेत गणित घेतलेली मुलगी तेच कलन, तीच संभाव्यता, तेच सदिश शिकते. परीक्षेनंतर मात्र एकाच पुस्तकाचे दोन अर्थ होतात. विज्ञानवाल्याला त्याने दार उघडते आणि तिला नाही. गणिताशिवाय आलेल्या विज्ञान विद्यार्थ्याला प्रवेश, आणि गणितासह आलेल्या कला विद्यार्थिनीला मज्जाव!

१८/ उलट दिशेची वाट मात्र मोकळी आहे. मी इतिहासात एम.ए. करत आहे. आमच्या विषयात विज्ञानाच्या पदवीधरांचे, अभियंत्यांचे स्वागत होते, आणि ते व्हावेच. दा. ध. कोसंबी हे मूळचे गणिती. त्यांनी आहत नाण्यांच्या वजनांना संख्याशास्त्र लावले आणि १९५६ मध्ये भारतीय इतिहासाच्या अभ्यासाला नवे वळण देणारे पुस्तक लिहिले. आपण त्यांचे कौतुक करतो ते दोन विद्यांच्या संगमासाठी. पण संगमाला दोन्ही बाजूंनी पाणी यावे लागते. इतिहासाकडून विज्ञानाकडे जाणाऱ्याची वाट कोठे आहे?

१९/ अशी वाट कधी नव्हतीच असेही नाही. इरावती कर्वे यांनी फर्ग्युसनमधून तत्त्वज्ञानात बी.ए. केले, मुंबईत समाजशास्त्रात एम.ए. केले, आणि नंतर बर्लिनला जाऊन मानवी कवट्यांच्या मोजमापांवर, त्यांतील असममितीवर, डॉक्टरेटचे संशोधन केले. तत्त्वज्ञानाची पदवीधर हातात मापनयंत्र घेऊन शारीर मानवशास्त्रात उतरली. तिला कोणी 'बारावीची शाखा' विचारली असती तर?

२०/ येथे एक प्रामाणिक आक्षेप येतो. गणित आणि पदार्थविज्ञान पायरीपायरीने चढतात. खालची पायरी नसेल तर वरच्या पायरीवर विद्यार्थी कोसळेल. त्याला आत घेऊन नापास करणे ही दया नव्हे. हा आक्षेप ग्रीकच्या समर्थनासारखा पोकळ नाही. त्याला उत्तर द्यावेच लागते, आणि माझे उत्तर असे की पायरी हवी, शिक्का नको. कलन येते का, हे विचारा. कलन कोणत्या शाखेच्या बाकावर बसून शिकलास, हे विचारू नका.

२१/ हे अशक्य नाही, कारण हे घडत आलेले आहे. भारतीय सांख्यिकी संस्थेच्या बी.स्टॅट. या अवघड पदवीसाठी बारावीला गणित आणि इंग्रजी लागते, आणि संस्थेची स्वतःची कठोर परीक्षा द्यावी लागते. शाखेचे नाव निर्णायक नाही. या पदवीचा दर्जा घसरला, असे आजवर कोणी म्हटल्याचे माझ्या वाचनात नाही.

२२/ याहून धाडसी प्रयोग ब्रिटनमध्ये झाला. तेथील मुक्त विद्यापीठाला १९६९ मध्ये सनद मिळाली आणि १९७१ मध्ये अध्यापन सुरू झाले. प्रवेशासाठी पूर्वशिक्षणाची कोणतीही अट नव्हती, विज्ञानासाठीसुद्धा. विद्यार्थी निरनिराळ्या विद्याशाखांचे अभ्यासक्रम जोडून पदवी पुरी करू शकत. मात्र विज्ञानाकडे जाणाऱ्यांसाठी शून्यापासून आरंभ करणारा एक पाया अभ्यासक्रम होता. प्रयोगाचे साहित्य पेटीत भरून घरी पाठवले जाई, त्यात लहानसा सूक्ष्मदर्शकही असे. दार उघडे ठेवणे आणि आत पायऱ्या बांधणे ही दोन्ही कामे त्यांनी एकत्र केली. कठोरपणा पदवी मिळवताना होता, आत येताना नव्हता.

२३/ आपण मुक्त विद्यापीठाची कल्पना घेतली, पण विज्ञानापाशी येऊन थबकलो. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ १९८५ मध्ये स्थापन झाले. बारावी न झालेल्यांसाठी तेथे वर्षानुवर्षे एक पूर्वतयारी अभ्यासक्रम होता. तो पूर्ण केला की बी.ए., बी.कॉम. करता येई. बी.एस्सी.साठी मात्र बारावी विज्ञानच हवे. मुक्त विद्यापीठातही विज्ञानाच्या खोलीला कुलूप लागलेलेच राहिले.

२४/ धोरणाची भाषा आता बदलली आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने कला आणि विज्ञान यांच्यातील भिंती नकोत असे म्हटले. डिसेंबर २०२४ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने जाहीर केलेल्या नियमांच्या मसुद्यात, प्रवेश परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्याला बारावीचे विषय कोणतेही असले तरी पदवीच्या कोणत्याही विद्याशाखेत प्रवेश घेता यावा, अशी तरतूद होती. दिशा योग्य आहे. पण पायऱ्या न बांधता दार उघडले, तर पहिल्याच सत्रात मुले गळतील आणि 'पाहा, दर्जा घसरला' म्हणणाऱ्यांना आयता पुरावा मिळेल. शिवाय केवळ प्रवेश परीक्षेवर भार टाकला, तर शाखेच्या जागी शिकवणीचे शुल्क ही नवी न छापलेली अट उभी राहील.

२५/ म्हणून मागण्या तीन. पहिली: प्रत्येक विज्ञान पदवीने आपल्या प्रत्येक अटीसमोर ती पहिल्या वर्षाच्या कोणत्या विषयात, कशासाठी लागते, हे छापावे. ज्या अटीसमोर काही लिहिता येत नाही, ती काढून टाकावी. दुसरी: शाखेऐवजी विषय आणि पातळी सांगावी, आणि ती कोणत्याही मार्गाने सिद्ध करण्याची मुभा द्यावी. तिसरी: ज्यांच्याकडे ती पातळी नाही, परंतु इच्छा आणि कुवत आहे, त्यांच्यासाठी एका वर्षाचा पाया वर्ग विद्यापीठाने स्वतःच्या खर्चाने चालवावा.

२६/ 'दर्जा घसरेल' हे वाक्य १९०५ मध्ये केंब्रिजमध्ये ग्रीकसाठी ऐकू आले. स्त्रियांना पदव्या देण्याच्या वेळी ऐकू आले. १९१९ नंतर ग्रीक गेले, १९४८ मध्ये केंब्रिजने स्त्रियांना पूर्ण पदव्या दिल्या, आणि तेथील विज्ञान बहरतच राहिले. एवढ्या वेळा खोटे ठरलेल्या भाकिताने आता तरी पुरावा घेऊन यावे. पुराव्याचा भार दाराबाहेर उभ्या असलेल्या मुलीवर नाही, तर दार लावून घेणाऱ्यावर आहे.

२७/ वाचकहो, एक काम करा. तुमच्या परिसरातील विद्यापीठाच्या लवचीक विज्ञान पदवीचे माहितीपत्रक उघडा, पात्रतेची ओळ शोधा, आणि तिच्याशेजारी पहिल्या सत्राचा अभ्यासक्रम ठेवा. कोणती अट कोणत्या तासाला कामी येते, ते जुळवून पाहा. जी जुळत नाही, ती येथे उत्तरात लिहा. आजच्या काळातील 'ग्रीक'ची यादी आपण मिळून तयार करू.

(धागा समाप्त)